उसनी नोट

कागदी लिंबू विकत घेताना लोक सालीकडे बघतात, मी देठाकडे बघतो. देठाचा वाळका टिकला शाबूत असेल तरच ते लिंबू माझ्या कामाचं. टोकदार सुरीनं तो टिकला अलगद उचलायचा, विणकामाची सुई घालून आत बोगदा करायचा, बाहेर आलेला रस फडक्यानं टिपायचा. मग दहाची नोट रुंदीत अर्धी दुमडून विडीसारखी घट्ट गुंडाळायची, आत सरकवायची आणि टिकला डिंकाच्या थेंबानं परत बसवायचा. लिंबू अर्धा तास पंख्याखाली ठेवलं की सांधा दिसत नाही.

लिंबातल्या नोटेचा हा जादूचा प्रयोग फार जुना आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या रंगमंचावर एमिल जॅरो नावाचा जादूगार प्रेक्षकाकडून उसनी घेतलेली नोट लिंबातून काढून दाखवत असे आणि त्या एका प्रयोगावर तो ओळखला जाई. तिकडची लिंबं जाड सालीची, मुठीएवढी. आपलं कागदी लिंबू इनमिन चार सेंटिमीटरचं आणि सालही पातळ, त्यामुळे इथे हात जास्त सांभाळावा लागतो. पण आपल्याकडे लिंबाला जे वजन आहे ते तिकडे नाही. आपण ते दाराला मिरचीसोबत टांगतो, नव्या गाडीच्या चाकाखाली ठेवतो, तिठ्यावर कुंकू लावून पडलेलं दिसलं की ओलांडत नाही. गावातल्या सभेत मी नुसतं लिंबू टेबलावर ठेवलं तरी पुढच्या रांगेतल्या बायका पदर सावरून बसतात. प्रयोग अजून सुरूही झालेला नसतो.

मी बँकेत रोखपाल होतो. सातारा जिल्ह्यात नोकरी सुरू केली, मग सांगलीला बदली झाली आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिलो. नोटा मोजण्याचं काम करणाऱ्याची बोटं वेगळी होतात. स्पंजावर अंगठा ओला करून शंभराची गड्डी मोजताना डोळे दुसरीकडे असले तरी जाड, चिकटवलेली किंवा जास्तीची दुमडलेली नोट बोटाला कळते. आपल्या नोटा कापसाच्या कागदाच्या असतात, त्यामुळे त्या जिथून येतात तिथला वास आणि रंग धरून ठेवतात. सांगलीच्या मार्केट यार्डात राजापुरी हळदीचे सौदे सुरू झाले की काउंटरवर येणाऱ्या गड्ड्या कडेनं पिवळ्या असायच्या. संध्याकाळी रोकड जुळवून उठलो की माझी पहिली तीन बोटं हळद लावलेल्या नवरदेवासारखी दिसत. बेदाण्याच्या दिवसांत नोटा चिकट लागत. २००५ च्या पुरानंतर लोक चिखलात भिजून एकजीव झालेले नोटांचे लगदे घेऊन आले. त्यातली एकेक नोट आम्ही पाण्याखाली सुटी करून वर्तमानपत्रावर वाळवली. त्या आठवड्यात मी जेवढं हळू आणि जपून काम केलं तेवढं आयुष्यात कधी केलं नसेल.

जादूकडे मात्र मी हौसेनं वळलो नाही. लहानपणी जादूगार रघुवीर यांचा प्रयोग बघून भारावलो होतो, तेवढंच. वळवलं एका खातेदारानं.

साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी मी नवा रोखपाल होतो. एक शेतकरी मुदत ठेव मोडायला आला. बावीस हजार रुपये, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले. त्या काळात ती मोठी रक्कम होती. त्यानं शंभराच्या कोऱ्या गड्ड्या मागितल्या. दोन गड्ड्या आणि वर वीस नोटा मी स्वतः मोजून दिल्या. लग्न ठरलं असेल असं मनात आलं, विचारलं नाही. महिन्याभरानं तो परत आला. काउंटरवर लाल फडक्याचं गाठोडं ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, हे तेवढं बघा." आत दोन सुकलेली लिंबं होती, हळदकुंकू होतं आणि नोटेच्या मापाचा कापलेला कागद होता. वर एक खरी नोट, खाली एक.

एका बाबानं त्याला आधी फक्त शंभराची एक नोट मागितली होती. ती त्याच्याच डोळ्यांसमोर फडक्यात बांधली, मंत्र म्हटले, फडकं सोडलं तर दोन नोटा. दोन्ही त्यालाच देऊन टाकल्या. मग सांगितलं की मोठी रक्कम आण, एकवीस दिवस गाठोडं सोडायचं नाही. बाबाचा खर्च शंभर रुपये, मिळकत जवळजवळ बावीस हजार. मी त्याला विचारलं, अहो, पहिल्यांदाच शंका कशी आली नाही? तो म्हणाला, "मी नंबर बघून ठेवला हुता की. दोन्हीतली एक माझीच हुती. खोटं कसं म्हणायचं?"

बाकावर बसून तो बराच वेळ त्या कागदांकडे बघत होता. त्या नोटा माझ्या बोटांमधून गेल्या होत्या. हे माझ्या मनातून कधीच गेलं नाही.

साताऱ्यात तेव्हा डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची भाषणं ऐकायला मिळत. सातारचेच, मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, कबड्डीचे नावाजलेले खेळाडू. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली आणि त्यानंतर लवकरच मी चमत्कार सादरीकरणाच्या एका शिबिरात जाऊन बसलो. तिथे पहिल्यांदा पाहिलं की नारळाचा डोळा उघडून आत फुलं आणि लाल चिंधी कशी भरतात, जास्वंदीचा रस लावलेल्या सुरीनं लिंबू कापलं की लाल 'रक्त' कसं ओघळतं. नोटांच्या फसवणुकीतलं एक प्रकरण तर थेट रसायनशास्त्राचं निघालं. खऱ्या नोटा आयोडीननं काळ्या करतात, 'ही परदेशातून आलेली काळी केलेली रक्कम आहे' असं सांगतात आणि 'क' जीवनसत्त्वाच्या पाण्यात एखादी धुऊन दाखवतात. डाग जातो, नोट उजळते, बघणारा उरलेला काळा कागद लाखो रुपयांना विकत घेतो. मी शाळांतून हे दाखवताना नोटेला आयोडीन लावत नाही. पिठाच्या खळीचा कागद घेतो आणि धुवायला लिंबाचाच रस वापरतो. मुलांना तेवढं पुरतं.

पण माझ्या हाताला बसला तो लिंबातल्या नोटेचा प्रयोग. नोट हे माझं रोजचं काम होतं आणि तो शेतकरी माझ्या डोळ्यांसमोर होता. प्रयोग मी असा करत असे. सुरुवातीलाच एका मुलीच्या हातात लिंबू द्यायचं, मूठ बंद करून धर म्हणायचं. मग सभेतून कोणाकडून तरी दहाची नोट उसनी मागायची. तिचा नंबर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्या कुणी तो फळ्यावर लिहायचा. नोट पाकिटात घालायची, पाकीट बंद करायचं, काडी लावून जाळून टाकायचं. नोट ज्याची त्याचा चेहरा पडतो, बाकीचे हसतात. मग मुलीच्या हातातलं लिंबू कापायचं. आतून ओली, आंबट वासाची नोट निघते. नंबर ताडून बघायचा, जुळतो. टाळ्या.

यात काय घडतं ते मी प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी सांगतो, म्हणून इथेही सांगायला हरकत नाही. लिंबातली नोट सकाळी घरी घातलेली माझी नोट. तिचा नंबर मला पाठ. उसनी घेतलेली नोट डोळ्यांसमोर धरून मी वाचतो तो नंबर त्या नोटेवरचा नसतोच, पाठ केलेला असतो. पाकिटाला मागून चीर असते. तिथून उसनी नोट माझ्या तळहातात येते आणि काडेपेटी काढायला हात खिशात गेला की तिथेच राहते. म्हणजे मालकाला परत मिळते ती माझी नोट. त्याची माझ्या खिशात. दहाला दहा, कुणाचं नुकसान नाही, असं मी बरीच वर्षं समजत होतो. बँकेत तर हा विचार रोजच्या श्वासासारखा असतो. खातेदारानं भरलेलीच नोट त्याला परत द्यायची असं कोणती बँक म्हणते?

जादूगार मित्र रहस्य सांगण्यावरून माझ्यावर नाराज होत. त्यांचं दुःख मला कळतं, ते त्यांचं पोट आहे. निव्वळ करमणुकीचे प्रयोग मी कधी उघड केले नाहीत. ज्या युक्तीनं लोकांच्या घरातलं किडूकमिडूक जातं ती युक्ती मात्र झाकून ठेवायला माझं मन तयार नाही, आजही नाही.

तासगावच्या पुढे एका गावात बचत गटाच्या बायकांसमोर कार्यक्रम होता. थंडीचे दिवस, शाळेचा वर्ग, दिवेलागणीची वेळ. समोर साठ-सत्तर बायका, बहुतेकजणी रोजंदारीवर जाणाऱ्या. दहाची नोट मागितली तेव्हा हशा झाला, कुणी पुढे होईना. मग मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या एका वयस्कर बाईंनी कमरेची चंची सोडली. चार घड्या घातलेली नोट काढली आणि हातोहात पुढे पाठवली. मी नेहमीसारखा घडी उलगडून नंबर 'वाचला', नववीतल्या एका मुलीनं फळ्यावर लिहिला. पाकीट जळलं. लिंबू कापलं. नोट निघाली, नंबर जुळला, वर्ग टाळ्यांनी भरला. ओली नोट हातोहात परत मागे गेली.

बाईंनी ती दिव्याकडे धरली, उलटी केली, परत सुलटी केली. म्हणाल्या, "ही माझी न्हवं."

सगळ्या त्यांच्याकडे वळल्या. शेजारणीनं समजावलं, मावशी, नंबर बघितला की सगळ्यांनी. फळ्यावर लिवलाय. मुलीनं फळ्यापाशी जाऊन एकेक आकडा परत वाचून दाखवला. बाई मान हलवत राहिल्या. "आकडं मला वाचाय येत न्हाईत. पर ही माझी न्हवं. माझ्या नोटंवर लेकीचा अंगठा हाय, हळदीचा."

कुणीतरी म्हणालं, अगं, लिंबाच्या रसात गेला असंल तो डाग. आणि बाईंनी जे उत्तर दिलं त्याला माझ्याकडे तोड नव्हती. "लिंबानं हळद जात न्हाई. उजाळती. चुना लागला तर लाल व्हईल, पर जायाची न्हाई. तीस वर्सं हळद निवडली म्या."

मी पुढे टेबलापाशी उभा होतो आणि ती नोट माझ्या डाव्या खिशात होती. घडी उलगडताना पांढऱ्या भागावरचा पिवळा ठसा मला दिसला होता. सांगलीच्या रोखपालाला असा ठसा दिवसातून पन्नास वेळा दिसतो, म्हणून दिसूनही मी पाहिला नव्हता.

सत्तर बायकांच्या त्या वर्गात प्रत्येकीनं मी दिलेला पुरावा मानला होता. लिहिता-वाचता येणाऱ्या सगळ्या माझ्या बाजूला होत्या. एकट्या या बाई स्वतःच्या डोळ्यांवर उभ्या होत्या आणि मी अजून थोडा वेळ गप्प बसलो असतो तर त्यांचंच काहीतरी चुकतंय असं ठरवून सगळ्या पुढे गेल्या असत्या. मला बाकावरचा तो शेतकरी आठवला. त्याच्या हातात खरी नोट, खरा नंबर होता आणि तेवढ्यावर त्यानं गाठोडं एकवीस दिवस सांभाळलं होतं.

मी मागे चालत गेलो, खिशातून नोट काढली आणि त्यांच्या हातात दिली. म्हणालो, "मावशी, तुमचं बरोबर आहे. ही तुमची. मी बदलली होती." त्यांनी आधी ठसा बघितला. मग सांगितलं की लेक पहिल्यांदा त्यांच्याबरोबर हळद निवडायला आली त्या आठवड्याची मजुरी, त्यातली ही एक नोट तिनं स्वतःच्या हातानं आईला दिली होती. लेक आता लांब नांदत होती. मी विचारलं, एवढी जपलेली नोट मला का दिलीत? त्या म्हणाल्या, "तुमी परत देतो म्हनला हुता."

त्या रात्री सांगलीला परतताना एसटीत मला झोप लागली नाही. मी 'उसनी' म्हणालो होतो. उसनं घेतलेलं पीठ वाटी भरून परत देतात, तेच पीठ कुणी मागत नाही. नोटेचंही तसंच, असा हिशेब मी इतकी वर्षं मनात धरला होता आणि तो हिशेब फक्त माझाच होता, समोरच्याला मी कधी विचारलाच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी दोन गोष्टी बदलल्या. नोट घेण्यापूर्वी विचारू लागलो, ही कुणाची आठवण, देवापुढची, भवानीची तर नाही ना? आणि शेवटी रहस्य सांगताना मूळ नोट मालकाच्या हातात देऊ लागलो, माझी परत घेऊ लागलो. पहिल्या प्रश्नावर किती हात खाली जातात ते बघून अजूनही चकित होतो. लक्ष्मीपूजनाची, लेकराच्या बारशातली, वारलेल्या वडिलांच्या खिशातली, दुकानातल्या दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाची. शंभरातल्या वीस जणांकडे तरी खर्चायची नसलेली एखादी नोट सापडते, असा माझा अंदाज आहे.

प्रयोगाचा गाभाही बदलला. आधी मी सांगत असे: नोट लिंबात कशी गेली ते बघा. आता विचारतो: नंबर कोणी वाचला? हा प्रश्न टाकल्यावर वर्गात जी शांतता पसरते तिची वाट बघतच मी कार्यक्रमाला जातो. लिंबाचा बोगदा, पाकिटाची चीर, हे ऐकून लोक हसतात आणि घरी जाऊन विसरतात. दुसरा बाबा दुसरं फडकं, दुसरं फळ घेऊन येतो आणि त्यांना ते नवीन वाटतं. ज्याला पडताळायचं त्यानंच पुरावा लिहून दिला होता, हे एकदा उमगलं की मग फडकं कोणतंही असो, माणूस थबकतो. निदान थबकावा.

२० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला. मी काउंटरवर होतो. बातमी आली तेव्हा हातात मोजत असलेली गड्डी तशीच ठेवली आणि शाखेतल्या सहकाऱ्यानं ती पुरी केली. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले त्याचा अध्यादेश काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत बारा बाबी आहेत. तथाकथित चमत्कार करून दाखवून त्यातून पैसे मिळवणं, लोकांना फसवणं ही त्यांतली एक आणि गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यं ही दुसरी. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजार ते पन्नास हजार. कायदा आला म्हणून सगळं थांबलं नाही. जून २०२२ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला एका कुटुंबातली नऊ माणसं मृत सापडली. आधी आत्महत्या वाटली, पुढे पोलिसांनी गुप्तधनाचं आमिष दाखवणाऱ्या मांत्रिकाला विष दिल्याच्या आरोपाखाली अटक केली. माझ्या तेव्हाच्या सांगलीतल्या घरापासून म्हैसाळ दूर नव्हतं. त्या आठवड्यात मी दोन शाळांत गेलो. लिंबू टेबलावर ठेवलं आणि हात थरथरत असल्यामुळे प्रयोग करता आला नाही. नुसता बोललो.

निवृत्तीनंतर मी साताऱ्याला परत आलो. समितीचं वार्तापत्र सांगलीहून निघतं, ते आलं की तिकडच्या माणसांची खबर कळते. २०१८ मध्ये दहाची नवी चॉकलेटी नोट आली, मागे कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक असलेली. जुनी १३७ मिलिमीटर लांब होती, ही १२३. तेवढ्यानं गुंडाळी बारीक होते आणि लिंबाला बोगदा लहान पुरतो. वयानं बोटं जाड झाली आहेत, त्यामुळे हा फरक मला उपयोगी पडला. शिवाय आता नव्या नोटांवरच्या नंबरातले आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. त्यामुळे पुढच्या बाकावरच्या मुलाला शेवटचा आकडा दिसू शकतो आणि नंबर खोटा वाचताना मला नोट बोटांनी झाकून धरावी लागते. रिझर्व्ह बँकेनं माझं काम अवघड केलं, ते चांगलंच केलं.

मागच्या पावसाळ्यात साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून जवळच्या एका शाळेत गेलो होतो. सातवीचा वर्ग. लिंबू एका मुलीच्या मुठीत दिलं आणि दहाची नोट मागितली. आठवण वगैरे नाही ना, ते विचारून झालं. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उठला, डब्यासोबत दिलेली नोट खिशातून काढली आणि माझ्या टेबलाशी आला. मी हात पुढे केला. त्यानं नोट दिली नाही.

"सर, नंबर मी वाचणार."

त्याच्या बाई त्याला रागावू लागल्या, पाहुण्यांशी असं बोलायचं नसतं म्हणून. मी त्यांना हातानं थांबवलं. लिंबात सकाळी घातलेली नोट होती, तिचा नंबर माझ्या ओठांवर होता आणि आता तो कशालाही जुळणार नव्हता. इतक्या वर्षांत रहस्य सांगण्याआधी हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. मी फळ्याच्या कडेवरचा खडू उचलला आणि त्याच्या हातात दिला.